बरे झालेले सहा उंदीर

१

पिंजरा जागच्या जागी होता. जाळीचं झाकण नीट बसवलेलं होतं, कडी लावलेली होती. आत भुसा होता, खाणं होतं, पण उंदीर एकही नव्हता.

मी जन्माची घाबरट. घरात झुरळ निघालं तरी खुर्चीवर चढते. त्यामुळे पहिली भीती ही वाटली, की सहा उंदीर माझ्या पायाशी कुठेतरी फिरताहेत. मी एका पायावर नाचतच सगळे कोपरे पाहिले. मग डोक्यात प्रकाश पडला की कडी लावलेली आहे, आणि पळून गेलेला उंदीर मागे वळून कडी लावत नाही. तेव्हा दुसरी भीती आली. ती पहिलीपेक्षा फार वाईट होती.

कारण हे साधे उंदीर नव्हते. हे बरे झालेले उंदीर होते.

आमच्या प्रयोगशाळेत मंत्रचळाचा अभ्यास चालतो. मंत्रचळ म्हणजे कुलूप ओढून पाहायचं, चार पावलं जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं. किंवा हात धुवायचे, आणि ते सोलून निघाले तरी धुतच राहायचे. आपण करतोय ते वेडेपणाचं आहे हे त्या माणसाला कळत असतं, आणि तरी थांबता येत नाही. माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही, म्हणून आमच्याकडे काळ्या उंदरांची एक जात पाळली आहे. त्यातल्या काहींमध्ये जन्मतः एक दोष असतो. तोंड तर सगळेच उंदीर धुतात, पण हे थांबतच नाहीत. गालावरचे केस जातात, मग कातडी जाते, रक्त येतं, तरी पंजे चालूच. माझं काम त्यांच्या चित्रफिती पाहायचं. उंदराने तोंड धुवायला घेतलं की बटण दाबायचं. दिवसभर तेवढंच. मंत्रचळ उंदरांना आहे की तुला, असं सगळे मला चिडवतात.

प्रयोगात दोन पिंजरे होते. एकाच्या बाटलीत साधं पाणी, दुसऱ्याच्या बाटलीत नवं औषध मिसळलेलं पाणी. साध्या पाण्यावरचे उंदीर अजून रक्तबंबाळ होते. औषधावरचे सहा मात्र तुकतुकीत, काळेभोर, गाल भरलेले. त्यांचे मोठाले फोटो जिन्याच्या भिंतीवर लावले होते, घरच्या माणसांचे लावावेत तसे. त्या सहांच्या भरवशावर आज दुपारी हेच औषध पहिल्यांदा माणसाला दिलं जाणार होतं.

तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ.

२

माझी किंकाळी ऐकून तिघं धावत आले.

सर्वांत पुढे पिंजरेकाका. पिंजरे धुणं, खाणं-पाणी, पिल्लांच्या कानाला ओळखीची खाच पाडणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी रिकामा पिंजरा पाहिला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मागोमाग सरांचा लाडका विद्यार्थी, ज्याला आम्ही पट्टशिष्य म्हणतो. काठीसारखा बारीक, सदा झोप न झालेला. शेवटी सर. सरांचा आवाज कधी चढत नाही. तो जितका खाली जाईल तितकं समोरच्याने घाबरायचं, हा आमचा अनुभव.

"आजच?" सर जवळजवळ कुजबुजले. "नेमकं आजच?"

आजचं महत्त्व दुहेरी होतं. दुपारी भावाची पहिली गोळी, आणि त्याआधी सकाळी तपासणीबाई यायच्या होत्या. या बाई मूळच्या जनावरांच्या डॉक्टर. प्रयोगातल्या प्राण्यांचे हाल होत नाहीत ना, हे पाहणाऱ्या समितीने त्यांना नेमलेलं. आज त्या सहा उंदरांच्या शेपटीच्या टोकाचा कणभर तुकडा घेणार होत्या, उंदीर तो जन्मजात दोष असलेलेच आहेत याची खातरजमा करायला. नुसती औपचारिकता, असं सर कालच म्हणाले होते.

योग असा की सर 'आजच' म्हणताहेत तोवरच दारातून एक प्रचंड शिंक ऐकू आली. ठेंगणी, जाड चष्म्याची बाई नाकाला रुमाल लावून उभी होती.

"मला उंदराच्या केसांचं वावडं आहे," त्या म्हणाल्या. "आयुष्य उंदरांत गेलं, काय करता. कुठे आहेत तुमचे नवरदेव?"

सरांनी रिकामा पिंजरा दाखवला. पोलिसांना बोलवायची भाषा सुरू केली.

"बोलवा की. पण सहा उंदीर हरवलेत म्हटल्यावर ते तुमच्याकडे कसे बघतील, त्याची तयारी ठेवा." बोलता बोलता त्या पिंजऱ्यात वाकल्या होत्या. "घरटं कुठंय?"

आम्ही उंदरांना कापूस देतो. ते तो कुरतडून मऊ गोळा करतात आणि सगळे मिळून त्यात झोपतात. पिंजऱ्यात कापसाचा धागासुद्धा नव्हता. औषधाच्या पाण्याची बाटली मात्र शेजारी फळीवर उभी होती, अर्ध्याहून जास्त भरलेली.

"चोराने अंथरूण नेलं आणि पाणी इथेच ठेवलं," तपासणीबाई स्वतःशीच बोलल्या. "मारायला नेताना कोणी अंथरूण बरोबर देत नाही. म्हणजे उंदीर जिवंत हवेत. मग पाणी का नको?"

 बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, आणि नजर माझ्यावर थांबली.

"आज औषध घेणारा मुलगा तुमचाच भाऊ ना? मग आधी तुम्हीच या."

३

चौकशीसाठी त्यांनी जिन्याखालची खोली घेतली, उंदरांपासून लांब.  मी काही केलं नव्हतं, पण न केलेल्या गोष्टीची भीती मला केलेल्यापेक्षा जास्त वाटते.

"मी नाही नेले हो," मी बसायच्या आधीच म्हणाले. "मी कशाला नेईन? धाकट्याला बरं व्हायचंय म्हणून तर मी इथे आहे. गेली कितीतरी वर्षं तो दाराची मूठ उघड्या हाताने धरत नाही. आईच्या हातचा घास घेत नाही. बोटं बघितलीत त्याची तर..." मी डोळे पुसले.

"पाणी प्या. मी उंदरांबद्दल विचारते, ते सोपं जाईल. तुम्ही त्यांना नावं ठेवता का?"

"नावं ठेवत नाही, दिलीत. म्हणजे एकीलाच. साध्या पाण्याच्या पिंजऱ्यात ठिपकी आहे."

"ठिपकी का?"

"तिच्या गालावरची एक जखम आपोआप भरली. तिथे पांढरे केस उगवले. काळ्या तोंडावर पांढरा ठिपका, म्हणून ठिपकी. माझी लाडकी आहे ती."

"आणि बरे झालेल्या सहांना नावं नाहीत?"

"त्यांच्यातला एक दुसऱ्यापासून ओळखूच येत नाही. सगळे सारखे काळेभोर. बाहेर फोटो आहेत ना."

बाई उठल्या आणि जिन्यात जाऊन एकेका फोटोला नाक लावून उभ्या राहिल्या. बराच वेळ. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"भावाला फोन करा," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला म्हणावं, मी सांगेपर्यंत काही घेऊ नकोस."

"का? काय झालं?"

"अजून मला माहीत नाही. पण करा."

मी फोन लावला. वाजत राहिला. मला माहीत होतं, धाकटा आज सकाळपासून अंघोळीत असणार. फोन तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो, आणि हात धुऊन झाले की त्या पिशवीलाही शिवत नाही. मग रस्त्यापलीकडच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंना लावला. औषध त्यांच्याच हातून दिलं जाणार होतं.

"उंदीर चोरीला गेले म्हणून औषध वाईट ठरत नाही," त्या समजुतीने म्हणाल्या. "तुमच्या सरांशी बोलले मी आत्ताच. ते म्हणतात, ठरल्याप्रमाणे चालू द्या. तुम्ही घाबरू नका हं."

घाबरू नका, हे मला आजवर ज्या ज्या माणसाने सांगितलं त्याच्यानंतर काहीतरी वाईट झालेलं आहे.

४

"तुम्ही इथेच बसा," तपासणीबाई म्हणाल्या. "घाबरलेल्या माणसाचे कान तिखट असतात. माझे शिंकांनी गेलेत."

म्हणून मी कोपऱ्यात बसून राहिले. पट्टशिष्य आला. खुर्चीच्या टोकावर टेकला, उठायच्या तयारीत.

"माझ्याकडे किल्ली आहे," त्याने आपणहून सांगितलं. "आणि मी पुढच्या महिन्यात दुसरीकडे चाललोय, हेही तुम्हाला कोणीतरी सांगेलच. सरांशी माझं वाजलंय."

"कशावरून?"

"औषध माणसाला द्यायची घाई होतेय, असं मी म्हटलं. मी आठवड्यातून एकदा उंदरांचं चित्रण करतो, एरवी प्राणिगृहात पाय ठेवत नाही. बाई, जखम भरते तेव्हा खपली धरते ना? मग खपली पडते, खाली गुलाबी कातडी दिसते. मी हे काही पाहिलंच नाही. एका खेपेला गालावर रक्त, पुढच्या खेपेला लख्ख. आज हा बरा, पुढच्या वेळी तो. सरांना म्हटलं तर म्हणाले, चमत्काराला नाकं मुरडू नकोस."

"म्हणून तुम्ही उंदीर लपवलेत? पुरावा म्हणून?"

तो पांढराफटक पडला. "डोक्यात आलं होतं. पण माझी छाती नाही झाली."

त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला, कारण छाती न होणं म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. पण मग उरलं कोण? सर आणि काका.

सर आले ते पायावर पाय टाकून बसले. "हे बाहेरच्यांचं काम आहे. आमच्या यशाने पुष्कळांच्या पोटात दुखतंय."

"असेल. मला तुमच्या दारावरच्या पाटीबद्दल विचारायचंय."

प्राणिगृहाच्या दारावर पाटी आहे: 'या खोलीतील मृत्यू: शून्य.' येणाऱ्या पाहुण्याला सर ती आवर्जून दाखवतात.

"अभिमान आहे आम्हाला त्याचा," सर म्हणाले.

"उंदराचं आयुष्य ते केवढं, साहेब! तुमच्याकडे शेकडो आहेत. त्यातला एकही म्हातारा होऊन मेला नाही? एकही पिल्लू दगावलं नाही?"

"शिस्त असली की होतं. आधीच्या नोकराच्या हातून एक उंदीर दगावला होता. त्याच दिवशी मी त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून बघा, एकही नाही."

तपासणीबाईंनी रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "ज्या घरात कोणीच मरत नाही, त्या घरात कोणीतरी खोटं बोलत असतं," त्या म्हणाल्या.

सरांचा आवाज अगदी खाली गेला. "तुम्ही मला खोटारडा म्हणताय?"

"तुम्हाला नाही. तुम्हाला कोणी खरं सांगेल, असं तुम्ही काय ठेवलंय?" त्या उठल्या. "चला. उंदीर लपवायला उंदरांच्या खोलीइतकी चांगली जागा नाही. आपण बाहेर शोधत बसलो."

५

पैदाशीची खोली प्रयोगाच्या खोलीला लागूनच आहे. तिथे आमच्या काळ्या उंदरांची भावंडं असतात. त्याच आईची, त्याच रंगाची, फक्त तो दोष नसलेली. कोणी त्यांचं चित्रण करत नाही, फोटो काढत नाही. ती खातात, झोपतात आणि एकमेकांच्या अंगावर चढतात.

मांडणीत पिंजऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. तपासणीबाई शिंका देत देत एकेका पिंजऱ्यावरून नजर फिरवत चालल्या. मी मागोमाग. मागे सर, पट्टशिष्य, आणि दारापाशी काका.

"उंदीर मोजू नका," त्या मला म्हणाल्या, "एक क्षणही थांबायचे नाहीत. घरटी बघा. उंदीर कितीही असोत, एका पिंजऱ्यात घरटं एकच बांधतात."

खालच्या फळीवर, भिंतीच्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात दोन घरटी होती.

एक बारकं, भुशाच्या रंगाचं. दुसरं मोठं, पांढरं, उचलून आणून ठेवल्यासारखं एका कडेला. बाईंनी हातमोजा घातला आणि पांढरा कापूस अलगद वर केला. खाली काळ्या अंगांचा एक गुंताडा हलला. एकेकाचा कान त्यांनी उजेडात धरला. सहांच्या कानांना खाचा होत्या, प्रयोगातल्या उंदरांच्या खाचा.

"सापडले," पट्टशिष्याचा श्वास सुटला.

"हे सापडले," तपासणीबाई म्हणाल्या. "पहिले कुठे आहेत?"

आणि त्यांनी मागे वळून पिंजरेकाकांकडे पाहिलं.

६

काका दारातच खाली बसले. 

"घरटं आणलं नसतंत तर मला दिवसभर शोधावं लागलं असतं," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "पण नवीन जागी ती बावरतील म्हणून तुम्ही आणलंत. काका, ठिपकीच्या गालावर पांढरे केस का आले, माहितीये? काळ्या उंदराची जखम खोल असली की तिथे परत येणारे केस बहुतेक पांढरे येतात. हे सहा जर खरंच बरे झालेले असते, तर यांची तोंडं चितकबरी हवीत. फोटोतलं एकही तोंड तसं नाही. या उंदरांना जखम कधी झालीच नव्हती. खपली दिसली नाही ती त्यामुळेच."

सर पुढे आले. "म्हणजे?"

"म्हणजे औषधाच्या पिंजऱ्यातला एक उंदीर मेला, तेव्हा काकांनी त्याच्या जागी या खोलीतलं त्याचं निरोगी भावंड नेऊन ठेवलं. कानाला तशीच खाच पाडली. तुमच्या पाटीवरचं शून्य शून्यच राहिलं. आणि पुढच्या चित्रणात तुम्हाला एक उंदीर बरा झालेला दिसला."

"मला कामावरून काढलं असतं साहेब," काका सरांच्या बुटांकडे बघत म्हणाले. "आधीच्याला काढलंत ना. मला वाटलं, माझंच काही चुकलं. गारठा लागला असेल, खाणं शिळं असेल. एकदाच करू म्हटलं. मग दुसरा मेला. मग हो-नाही म्हणायची सोयच राहिली नाही. सगळे टाळ्या वाजवायला लागले, फोटो लागले. काल ऐकलं, शेपटी कापून तपासणार आहेत. म्हटलं, परत त्यांच्या घरी नेऊन ठेवू. मारायला हात धजला नाही."

"तुमचे उंदीर औषधाने बरे झाले नाहीत, साहेब," तपासणीबाई म्हणाल्या. "धाकाने बरे झाले."

 मी सरांना पहिल्यांदाच असं पाहिलं, तोंड उघडं आणि आवाजच नाही. एरवी मी मनातल्या मनात हसले असते. पण आता हसू येईना, कारण बाईंचा पुढचा प्रश्न मला त्यांच्या आधीच सुचला होता.

"काका, मेले कोणते? दोन्ही पिंजऱ्यांतले?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"साध्या पाण्यावरचा एकही नाही?"

"नाही. ते आहेत तसेच आहेत. ठिपकी पण."

"आणि तुम्ही आणून ठेवलेले, धडधाकट?"

काका रडायला लागले. "तेही मरायचे, बाई. आधी थरथरायचे, मग आखडायचे. मग मी दुसरा ठेवायचो."

"किती?"

"मोजले नाहीत."

म्हणजे जिन्यातल्या फोटोंमध्ये सहा उंदीर नव्हतेच. मेलेल्यांची एक रांग होती, आणि आम्ही त्या रांगेला बरं होणं म्हणत होतो.

"आता एकच खरं सांगा," बाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "काल घरटं नेलंत. बाटली का नाही नेलीत?"

काकांनी बाहीने डोळे पुसले. मग म्हणाले, "ते पाणी त्यांना द्यायला मन घेईना. मनात पाल चुकचुकत होती कधीची. पण मी कोण सांगणार, आणि सांगणार कोणाला?"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी दाराबाहेर होते.

७

इस्पितळ रस्त्यापलीकडेच आहे. तेवढा रस्ता मी कसा ओलांडला, मला आठवत नाही. गाड्यांचे भोंगे आठवतात. पायात प्राणिगृहातल्या रबरी चपला होत्या, त्यातली एक वाटेत गेली.

"पहिली गोळी..." मी नर्सपुढे धापा टाकत उभी राहिले. "माझा भाऊ..."

"घेतली की त्यांनी," ती कौतुकाने म्हणाली. "अर्धा तास झाला. केवढी घाई होती त्यांना! वेळेच्या आधीच येऊन बसले होते."

मी तिथेच खाली बसले. डोळ्यांपुढे फक्त ते काळे उंदीर होते, थरथरणारे.

डॉक्टरीणबाई फोन कानाला लावूनच बाहेर आल्या. पलीकडे तपासणीबाई असणार, कारण शिंक मलाही ऐकू आली. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. फोन ठेवून त्यांनी दोघा-तिघांना हाका मारल्या, सलाईन, यंत्रं, कसल्या कसल्या सुया मागवल्या. मग माझ्या दंडाला धरून मला उठवलं.

"एकच गोळी आहे आणि मात्रा अगदी कमी आहे. उंदरांना रोज, पाण्यातून, किती दिवस मिळत होतं. मला वाटतं काही होणार नाही. पण तुम्हाला खोटं सांगत नाही, मला खात्री नाही. आज त्यांना इथून हलवायचं नाही. आणि तुम्हीच सांगा त्यांना. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील."

धाकटा खाटेवर बसला होता. इतका ताठ आणि इतका खूश, की मला ओळखू येईना.

"ताई! तुझी चप्पल कुठाय?" तो हसला. "ऐक ना आधी. मी मघाशी परत आत आलो ना, तेव्हा या दाराची मूठ मी हाताने धरली. गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने बाहेर गेलो होतो, येताना मुद्दाम धरली. रुमाल नाही, बाही नाही. नुसत्या हाताने. आणि अजून धुतला नाही. बघ."

त्याने उजवा हात माझ्यापुढे धरला. लालभडक, चिरा पडलेला, कोरडा. मी त्याचा हात किती वर्षांनी इतक्या जवळून बघत होते कुणास ठाऊक.

"काम करतंय गं ते," तो म्हणाला. "एवढ्यात! उद्याची कधी देणार, विचार ना त्यांना."

घाबरट माणसाला सवय असते, वाईट बातमी आपल्याला कोणीतरी सांगेल याची वाट बघायची. आपणच ती सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मला पळून जावंसं वाटलं, अगदी खरं सांगते. मी खाटेवर त्याच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. काका, पाटी, खाचा. बरे झालेले उंदीर कधी नव्हतेच. जे होते ते मेले. दुसरी गोळी नाही, उद्या नाही, कधीच नाही. आणि आज रात्रभर इथे का थांबायचं आहे, तेही.

तो ऐकत राहिला. मध्ये एक नर्स येऊन त्याच्या छातीला तारा चिकटवून यंत्रापाशी थांबली, त्याचंही त्याला भान नव्हतं. मरायच्या भीतीबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही. मग आपल्या हाताकडे बघत म्हणाला, "अर्ध्या तासात गोळी लागू होते का गं?"

मी डॉक्टरीणबाईंना विचारायला गेले आणि परत आले. "नाही म्हणतात. असल्या औषधांना आठवडे लागतात."

"मग मी मूठ धरली ती कशाच्या जोरावर?"

"कशाच्याच नाही," मी म्हणाले. "तूच धरलीस."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्याला धीर येईल. पण त्याला मी इतकं घाबरलेलं आजवर पाहिलं नव्हतं. त्याचा हात थरथरायला लागला. मी यंत्राकडे बघितलं, मग नर्सकडे. तिने मान हलवली, तसलं काही नाही. साधी भीती होती. तो एकदा कोपऱ्यातल्या बेसिनकडे बघे, एकदा दाराकडे.

तारा चिकटलेल्या तशाच सावरत तो खाली उतरला. बेसिन डावीकडे होतं, दार उजवीकडे. दोन्हींच्या मध्ये तो उभा राहिला.

"ताई," माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मागून ढकलू नकोस हं."

"नाही ढकलत."

मी काय ढकलणार होते, मीच खाटेची कड धरून उभी होते. त्याने डोळे गच्च मिटले, आणि तव्याला हात लावावा तसा दाराच्या मुठीला हात लावला. झटकन मागे घेतला. पुन्हा लावला आणि धरून ठेवला. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक मला शिव्या देत होता.

मग त्याने दार उघडलं.